पहिलं लॅमिनेटेड धनुष्य आणि अराल्डाइट स्टँडर्ड: पुरतं कुठे, कमी पडतं कुठे

एकमेकींवर चिकटवलेल्या तीन पट्ट्यांचं (म्हणजेच लॅमिनेटेड), फायबरग्लास न लावलेलं, पूर्ण ओढायला ३० ते ३५ पाउंड जोर लागणारं पहिलं धनुष्य घरी जोडायचं असेल तर अराल्डाइट स्टँडर्ड हा दोन ट्यूबांचा गोंद पुरेसा आहे. अमेरिकेतले धनुष्य बनवणारे स्मूथ-ऑन कंपनीच्या ईए-४० या इपॉक्सीची (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या गोंदाची) शिफारस करतात, साध्या लाकडी धनुष्याला टाइटबाँड ३ हा सुतारकामाचा गोंद वापरतात. हे वाचून आपल्याकडचे नवशिके तेच मागवायला धडपडतात. त्याची गरज नाही. तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळणाऱ्या या दोन ट्यूबांच्या गोंदाने धनुष्य उभं राहतं, फक्त त्याच्या अटी पाळायला हव्यात. अटी तीन: पृष्ठभाग, दाब आणि उष्णता. जोड सुटलेल्या धनुष्यांत दोष बहुतेक वेळा यांपैकी एकात सापडतो, लाकडात क्वचितच.

अराल्डाइटचा भारतातला व्यवसाय २०२० पासून पिडिलाइटकडे आहे. या नावाखाली बरंच काही विकलं जातं, म्हणून घेताना ‘स्टँडर्ड’ हा शब्द पाहूनच घ्या. पाच-दहा मिनिटांत धरणारे प्रकार धनुष्याच्या कामाचे नाहीत. १८० सेंटीमीटर लांबीच्या चार बाजूंना गोंद लावून पट्ट्या साच्यावर बसवेपर्यंत ते घट्ट होऊन बसतात, आणि अर्धवट धरलेला गोंद दाबला की तो जोड कायमचा कच्चा राहतो. स्टँडर्डमध्ये साधारण २५ अंश तापमानाला तास-दीड तास हाताशी मिळतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याला हा वेळ सगळ्यात मोलाचा.

१८० ग्रॅमच्या पॅकमध्ये १०० ग्रॅम रेझिन आणि ८० ग्रॅम हार्डनर येतं. वजनाने प्रमाण १०० ला ८०, आकारमानाने समान. ट्यूबमधून समान लांबीच्या दोन रेघा काढून मिसळणं छोट्या दुरुस्तीला ठीक, धनुष्याला नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. एका धनुष्याला किती लागेल याचा हिशेब सोपा आहे: ४ सेंटीमीटर रुंद आणि १८० सेंटीमीटर लांब जोड दोन, दोन्हीकडून गोंद लावायचा म्हणजे एकूण २,८८० चौरस सेंटीमीटर. पातळ आणि सारखा थर दिला तर ६० ग्रॅमच्या आसपास जातो, उरलेलं भांड्याला आणि पात्याला चिकटून राहतं. ५५ ग्रॅम रेझिन आणि ४४ ग्रॅम हार्डनर मिसळा, कमी पडत नाही. एका पॅकमध्ये धनुष्य होऊन, नंतर चिकटवायच्या मुठीच्या ठोकळ्यापुरता (पाच-सहा ग्रॅम) आणि टोकांना मजबुतीसाठी लावायच्या छोट्या पट्ट्यांपुरता गोंद उरतो.

‘जरा जास्त हार्डनर घातलं की लवकर धरेल’ हा समज सगळ्यात महागात पडतो. इपॉक्सीत दोन्ही भागांचे रेणू एकमेकांशी ठरावीक प्रमाणात जुळतात, जास्तीचं हार्डनर मोकळंच राहतं आणि जोड रबरासारखा मऊ होतो. असा जोड चिकटलेला दिसतो, धनुष्याला दोरीही चढते, मग हळूहळू पट्ट्या एकमेकींवर सरकतात.

आता पट्ट्या, कारण गोंदाची परीक्षा त्यांच्यावरच होते. पाठीला, म्हणजे नेमबाजाच्या विरुद्ध बाजूला, बांबूची कांब. ताण सोसण्यात बांबूच्या तोडीचं स्वस्त काही नाही. भिल्लांचा कामठा तर अख्खा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्या चिरफळीची. पट्ट्यांच्या धनुष्याला मात्र रुंद आणि सपाट कांब लागते, म्हणून जाड बुंध्याचा कळक किंवा बाल्कोवा निवडा. मानवेल भरीव आणि चिवट असला तरी त्याचा घेर लहान, त्यातून ३५ मिलिमीटरची सपाट कांब निघत नाही. बांबू तीन वर्षांपुढचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला हवा. कोवळ्या आणि पावसाळी बांबूत पिष्ट जास्त, त्याला भुंगा लागतो. कांबेच्या आतल्या बाजूने रंधा मारत जाडी मध्यभागी ३ मिलिमीटर, टोकांना २ मिलिमीटरवर आणा. बाहेरची हिरवी-पिवळी साल खरवडून काढली तर चालेल, पण तिच्या लगतचे तंतू कापू नका. धनुष्याचा जोर तिथेच आहे. कांब जाड ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. बांबू पोटाच्या, म्हणजे नेमबाजाकडच्या बाजूच्या, लाकडापेक्षा ताकदवान ठरला की पोट चिरडतं आणि आडव्या बारीक सुरकुत्या पडतात.

मधल्या पट्टीवर ताण कमी असतो, म्हणून ४ मिलिमीटरची सागाची सरळ रेषेची (तंतू लांबीला सरळ धावणारी) पट्टी पुरते. पोटाला धामण. धामणीचं लाकूड लवचीक आणि चिवट म्हणून जुन्या काळापासून धनुष्याला, हत्यारांच्या दांड्यांना आणि कावडीला वापरलं जातं, आणि दाबाखालीही टिकतं. धामण मिळाली नाही तर सरळ रेषेची बाभूळ चालते, पण तिच्यात गाठी फार, निवड करायला वखारीत निम्मा दिवस मोडायची तयारी ठेवा. पोटाची पट्टी मुठीजवळ १० मिलिमीटर, टोकांना ६ मिलिमीटर. तिन्ही मिळून जाडी मुठीजवळ १७ आणि टोकांना १२ मिलिमीटर होते. हे अंतिम माप नाही, यातून पोटाकडून दोन-तीन मिलिमीटर नंतर जाणार आहे. रुंदी मुठीपासून लिम्बाच्या (मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या भागाच्या) मध्यापर्यंत ३५ मिलिमीटर, तिथून टोकाला १२ मिलिमीटर.

पट्ट्यांतला ओलावा ८ ते १० टक्के हवा. दोन काट्यांचं ओलावा मापणारं यंत्र आता सहज मिळतं, ते घ्याच. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या जागेत ठेवलेलं लाकूड याच्या बरंच वर असतं. गोंद धरतो, पण ओलं लाकूड धनुष्य म्हणून कमजोर: दोरी काढल्यावरही वाकलेलंच राहतं. शिवाय दमट हवेत इपॉक्सीच्या हार्डनरवर पातळ चिकट पडदा येतो आणि जोड बिघडतो. पावसाळ्यात पट्ट्या रंधून ठेवा, गोंद दिवाळीनंतर लावा.

पृष्ठभागाबद्दल सुतार आणि धनुष्यकार यांचं गणित थोडं वेगळं. फेव्हिकॉलच्या जोडाला आरशासारखा रंधलेला पृष्ठभाग आवडतो. इपॉक्सीला पकडायला खरखरीतपणा लागतो. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा, कुठेही फट दिसता कामा नये. मग ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ठोकळ्यावर लांबीच्या दिशेने घासा. धूळ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने नाही. साग तेलकट असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजू एसिटोनने पुसा. पांढरं फडकं पिवळं होणं थांबेपर्यंत पुसायचं, वाळू द्यायचं आणि तासाभरात गोंद लावायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत तेल पुन्हा वर येतं. थिनरने पुसू नका, काही थिनर मागे तेलकट थर ठेवतात.

साचा साधा असावा: १८ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या दोन पट्ट्या चिकटवून केलेली दोन मीटरची धार, मध्यभाग सरळ आणि शेवटच्या ४० सेंटीमीटरमध्ये टोकं ३ ते ४ सेंटीमीटर पाठीकडे, म्हणजे ओढण्याच्या उलट दिशेने, वळलेली. त्याहून जास्त वळण पहिल्या धनुष्यात नको, लिम्ब पीळ खाऊ लागतं. साच्यावर प्लास्टिकची खाकी पॅकिंग टेप चिकटवा, इपॉक्सी तिला धरत नाही.

अराल्डाइट घट्ट आहे, आणि थंडीत तर मधासारखं. डिसेंबरात सकाळी काम करायचं असेल तर दोन्ही ट्यूब न मिसळता दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. मिसळण्यासाठी उथळ ताट वापरा. खोल कपात १०० ग्रॅम गोंद स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि मिळालेला तास निम्म्यावर येतो. पूर्ण मिश्रण एकाच रंगाचं होईपर्यंत, तीन-चार मिनिटं, कडा खरवडत मिसळा. पसरायला हॅकसॉच्या पात्याचा तुकडा उत्तम, त्याच्या दातांनी थर सगळीकडे सारखा पडतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला जाड थर देऊन भागवलं तर कोरडी बाजू गोंद पिऊन घेते आणि मधे रिकामे ठिपके राहतात.

गोंद लागलेल्या पट्ट्या दाब येताच एकमेकींवरून घसरतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. उपाय आधीच करून ठेवा: मुठीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांच्या वाया जाणाऱ्या भागात २ मिलिमीटरची भोकं पाडा आणि त्यांत बांबूच्या काड्या घाला. लिम्बाच्या कामाच्या भागात भोक पाडू नका.

दाबाबद्दल विस्ताराने लिहायला हवं, कारण सुतारकामाची सवय इथे उलटते. फेव्हिकॉलला शिकंजे कचकचून आवळतात. इपॉक्सीचं तसं केलं तर गोंद बाजूने बाहेर येतो आणि जोड कोरडा पडतो. पट्ट्या नीट टेकलेल्या असतील आणि सगळीकडे गोंदाचा बारीक मणी बाहेर दिसत असेल तर तेवढा दाब बास. शिकंजे वापरायचे तर दर ७-८ सेंटीमीटरला एक म्हणजे चोवीसेक लागतात, आणि खाली जाड पट्टी नसेल तर शिकंज्याखाली दाब आणि मधे पोकळी अशी स्थिती होते. आमची पसंती सायकलच्या ट्यूबला. पंक्चरच्या दुकानातून टाकून दिलेल्या ट्यूब घ्या, अडीच सेंटीमीटर रुंद लांब पट्ट्या कापा, टाल्कम पावडर धुऊन काढा. बांबूवर आधी पॅकिंग टेपची एक पट्टी आणि तिच्यावर ३ मिलिमीटर जाड एमडीएफची पट्टी ठेवा. मग मधून टोकांकडे, निम्मा वेढा झाकत, साच्यासकट गुंडाळा. रबराचा दाब सगळीकडे सारखा राहतो आणि गोंद खाली बसला तरी सैल होत नाही. जपानी यूमी धनुष्याच्या पट्ट्या दोरीने गुंडाळून, वेढ्यांखाली बांबूच्या पाचरी ठोकून दाबतात. जाड सुतळी आणि तीसेक पाचरींनी घरीही ते साधतं, पण पाचरी सारख्या ठोकायला हात बसलेला लागतो. पहिल्या वेळी ट्यूबच बरी.

साच्यातून किमान २४ तास काढू नका. खोली २० अंशांच्या खाली जात असेल तर दोन दिवस.

आता या गोंदाची खरी दुबळी बाजू, उष्णता. फक्त खोलीच्या तापमानाला धरलेलं अराल्डाइट स्टँडर्ड तापलं की मऊ पडतं. ६० अंशांच्या आसपास त्याची पकड मूळच्या मानाने फारच कमी उरते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या, बंद गाडीच्या आत तेवढं तापमान सहज होतं. तिथे दोरी चढवलेलं धनुष्य ठेवलं तर जोड सरकणारच. ईए-४० सारख्या गोंदांनाही उष्णतेत पकवून घेतात ते याच कारणासाठी, आणि अराल्डाइटलाही तो उपाय लागू पडतो. प्लायवूडची किंवा जाड थर्माकोलची लांबट पेटी करा, आत दोन्ही टोकांना एकेक पिवळा बल्ब, अंडी उबवण्याच्या यंत्रात असतो तसा थर्मोस्टॅट आणि लिम्बाजवळ एक तापमापक. थर्माकोल असेल तर बल्ब भिंतीपासून वीतभर दूर आणि मधे पत्र्याचा आडोसा. २४ तास खोलीत धरल्यावर, साच्यात बांधलेलंच धनुष्य ५० ते ५५ अंशांवर चार तास ठेवा. गरम हळूहळू करा, थंडही पेटी न उघडता होऊ द्या. पकवलेला जोड पुढे बराच जास्त ताप सोसतो. पेटी करणं जमणार नसेल तरी धनुष्य होईल, पण मग उन्हात आणि गाडीत ठेवण्याबाबत कडक राहा.

मुख्य जोडाच्या आधी चाचणी घ्याच. त्याच सागाचे, धामणीचे आणि बांबूचे वीतभर तुकडे त्याच पद्धतीने चिकटवा आणि दोन दिवसांनी पटाशीने फोडा. लाकडाचे तंतू फाटले तर जोड लाकडापेक्षा मजबूत आहे. एका बाजूवर गोंदाचा चकचकीत थर आणि दुसरी बाजू स्वच्छ निघाली तर त्या बाजूला तेल किंवा धूळ होती. दोन्हीकडे फिकट, पिठासारखी कोरडी खूण दिसली तर दाब जास्त झाला. नख रुतत असेल तर प्रमाण चुकलं किंवा नीट मिसळलं नाही. थोड्याशा गोंदात ही माहिती मिळते, धनुष्य मोडल्यावर तीच शोधत बसावी लागते.

बाहेर आलेला इपॉक्सीचा मणी वाळल्यावर काचेसारखा कडक आणि धारदार असतो. रंध्याचं पातं त्यावर लगेच बोथट होतं. कानसीने किंवा ६० नंबरच्या डिस्कने काढा, चष्मा आणि मास्क लावून. कच्चा गोंद हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. हार्डनरची कातडीला अ‍ॅलर्जी एकदा सुरू झाली की ती पुढे प्रत्येक वेळी होते.

मुठीचा ३० सेंटीमीटर लांब, ३ सेंटीमीटर जाड ठोकळा पोटाकडून नंतर चिकटवावा. तो उडून जाणं हा पहिल्या धनुष्याचा नेहमीचा आजार, आणि त्याचा दोष गोंदावर टाकला जातो. खरं कारण असं: ठोकळ्याची उतरती टोकं जिथे संपतात तिथे खालची पट्टी वाकत असते, ताठ ठोकळा वाकू शकत नाही, आणि कोणताही गोंद तिथे सोलला जातो. टोकं कागदासारखी पातळ करत न्या आणि त्या जागी लिम्ब वाकू देऊ नका, वाक तिथून चार बोटं पुढे सुरू व्हावा.

टिलरिंगमध्ये, म्हणजे लाकूड खरवडत दोन्ही लिम्बं सारखी वाकतील असं करण्याच्या कामात, गोंदाचा एकच संबंध येतो: फक्त पोट खरवडायचं, आणि पोटाची पट्टी कुठेही ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही. बाकी नियम सगळ्या लाकडी धनुष्यांचेच. प्रत्येक खरवडणीनंतर वीस-तीस वेळा हलकं ओढा, मगच पुन्हा पाहा. ३५ पाउंड म्हणजे सुमारे १६ किलो. सामान तोलायचा टांगता काटा दोरीला लावा आणि काटा १६ किलोच्या पुढे जाईल इतकं कधीही ओढू नका, मग ओढ २८ इंचांऐवजी २० इंचच झालेली असो. ओढताना जोडातून ‘टक्’ असा आवाज आला तर दोरी उतरवा आणि कडेने बॅटरीचा उजेड टाकून फट शोधा. फट टोकाकडे आणि बारीक असेल तर गरम करून पातळ केलेला गोंद आत शिरवून, दाबून, वर दोऱ्याचे वेढे देता येतात. लिम्बाच्या मध्यावर जोड उघडला असेल तर ते धनुष्य वाचवत बसू नका. दोरी डॅक्रॉनच्या (पॉलिएस्टरच्या धाग्याच्या) १२ पदरांची. न ताणणारे आधुनिक धागे टोकं मजबूत केल्याशिवाय नकोत, आणि बाणाशिवाय दोरी सोडायची नाही.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. फेव्हिकॉल मरीन आणि टाइटबाँड ३ हे पाण्यावर आधारलेले गोंद. फायबरग्लास नसलेल्या धनुष्यांत टाइटबाँड ३ चांगला चालतो हे अनेक धनुष्यांनी दाखवलं आहे, आणि त्याला वजनकाटा लागत नाही. पण दोन्ही गोंद पातळ पट्ट्यांत पाणी घालतात, त्यामुळे चार-पाच दिवस वाळवल्याशिवाय ओढायचं नाही. आपल्या उन्हाळ्यात तर शेवटची पट्टी बसेपर्यंत पहिल्या पट्टीवर साय धरलेली असते, म्हणून मदतीला दुसरा माणूस हवा. फेव्हिक्विकचं काम एवढंच, बांबूची उठलेली बारीक चिरफळी बसवायची. ईए-४० अराल्डाइटपेक्षा पातळ, पसरायला सोपं आणि धनुष्यासाठी जास्त पारखलेलं आहे यात वाद नाही. फायबरग्लासचं, ४५ पाउंडांच्या पुढचं धनुष्य करायचं असेल तर ते मागवण्यात अर्थ आहे. तेव्हा फायबरग्लासही एकाच दिशेच्या तंतूंचाच घ्या. पाण्याच्या टाक्या आणि छपरं करणाऱ्यांकडचा चटईसारखा फायबरग्लास लिम्बात कामाचा नाही, त्यातले थोडेच तंतू लांबीच्या दिशेने असतात.

अराल्डाइटचा पॅक घेताना तारीख पाहा. उरलेल्या ट्यूबची झाकणं एकमेकींना बदलू नका, दोन्ही कायमच्या बंद होतात. फार दिवस ठेवलेलं रेझिन दाणेदार किंवा पांढुरकं झालं असेल तर गरम पाण्यात ठेवून पुन्हा स्वच्छ होतंय का पाहा. झालं तर वापरा, दाणे राहिले तर ते धनुष्याला न वापरता घरातल्या दुरुस्तीला ठेवा.